डोळा आणि कॅमेरा : एका उपमेची चारशे वर्षे

‘मानवी डोळा’ हा पाठ शिकवताना आपण बहुतेक शिक्षक एकाच वाक्याने सुरुवात करतो : डोळा हा कॅमेऱ्यासारखा असतो. फळ्यावर दोन आकृत्या शेजारीशेजारी काढतो. इकडे भिंग, तिकडे भिंग. इकडे बाहुली, तिकडे लहानमोठे होणारे छिद्र. इकडे दृष्टिपटल, तिकडे फिल्म. आता फिल्मच्या जागी संवेदक म्हणायचे, एवढाच काय तो बदल. तुलना सोपी आहे, मुलांना चटकन समजते आणि उत्तरपत्रिकेत तिला गुणही मिळतात.

पण मग एखादी मुलगी उठून विचारते, “सर, आमच्या घरातल्या जुन्या फोटोंत रात्री बल्बखाली काढलेले सगळे फोटो पिवळे आहेत. तेव्हा माणसांना घर पिवळे दिसत होते का?” दुसरा कुणी म्हणतो, “बाई, उघड्या दारासमोर उभे राहून फोटो काढला की तोंड काळे येते. फोटो काढणाऱ्याला तर ते नीट दिसत असते.” दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते हे सांगितल्यावर ‘मग आपल्याला जग उलटे का दिसत नाही’ हा प्रश्न तर ठरलेलाच. त्यावर ‘मेंदू ती सुलटी करतो’ असे सांगून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पहिल्या दोन प्रश्नांना तेवढेही उत्तर आपल्याजवळ नसते.

हे प्रश्न पोरकट नाहीत. दृष्टीच्या अभ्यासाचा इतिहास पाहिला तर नेमके हेच प्रश्न मोठमोठ्या संशोधकांना पडलेले दिसतात. कॅमेरा जिथे जिथे डोळ्यासारखा वागला नाही, तिथे तिथे डोळ्याविषयी काहीतरी नवे कळले. ही हकीकत वर्गात सांगण्याजोगी आहे.

अंधाऱ्या खोलीतील चित्र

‘कॅमेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ खोली. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक असेल तर समोरच्या भिंतीवर बाहेरील दृश्याची उलटी प्रतिमा पडते, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. आपण मुलांकडून करून घेतो तो सूचिछिद्र कॅमेरा म्हणजे या खोलीचीच लहान आवृत्ती. बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल्‌-हैथम (सु. ९६५ ते १०४०) या विद्वानाने प्रकाशशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, हे अनेक ग्रीक पंडितांचे मत खोडून काढून त्याने वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो हे मांडले. मात्र दृष्टीची जाणीव डोळ्यातील भिंगापाशीच होते असे तो मानत असे.

पुढची पायरी योहानेस केप्लरची. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणारा तोच हा केप्लर. १६०४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने दाखवले, की डोळ्यातील भिंग प्रकाशकिरण एकत्र आणते आणि बाहेरील जगाचे चित्र मागच्या दृष्टिपटलावर उमटवते. हे चित्र उलटे असते. अंधाऱ्या खोलीसाठी ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ हा शब्दप्रयोगही त्यानेच रूढ केला. आपल्या फळ्यावरच्या दोन आकृत्यांचा जन्म येथे झाला.

उलट्या चित्राने केप्लरही अडखळला होता. पण गणिताने जे सिद्ध होते ते त्याने स्वीकारले आणि दृष्टिपटलाच्या पलीकडे काय घडते हा प्रश्न इतरांवर सोपवला. १६३७ मध्ये रने देकार्तने एक प्रयोग वर्णन केला आहे. नुकत्याच मेलेल्या बैलाच्या डोळ्याचे मागचे आवरण काढून तेथे पातळ पापुद्रा लावायचा आणि तो डोळा अंधाऱ्या खोलीच्या खिडकीतील भोकात बसवायचा. पापुद्र्यावर बाहेरचे दृश्य उमटलेले दिसते. पण त्याच ग्रंथात देकार्तने सावधही केले आहे. हे चित्र पाहायला मेंदूच्या आत दुसरे डोळे बसलेले नाहीत, असे त्याचे म्हणणे. आत चित्र पाहणारा कुणी नसेल, तर ते त्याच्यासाठी ‘सुलटे’ करण्याची गरजच उरत नाही. मेंदूला हवी असते ती माहिती : काय कशाच्या वर आहे, काय कशाच्या बाजूला. ती उलट्या चित्रातही पूर्ण असते. म्हणजे आपण ज्या प्रश्नाला घाईने उत्तर देतो, तो कसा हाताळावा याची दिशा १६३७ मध्येच मिळाली होती.

लाल न दिसणारी काच

दोनशे वर्षे अंधाऱ्या खोलीला ‘दृष्टिपटल’ नव्हते. १८३९ मध्ये लुई दागेरची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि चांदीच्या क्षारांवर प्रकाशाचे चित्र टिकवून धरता येऊ लागले. आता उपमा पूर्ण झाली असे वाटावे, पण लवकरच लक्षात आले की ही नवी काच डोळ्यासारखे पाहत नाही.

चांदीच्या क्षारांवर निळ्या, जांभळ्या आणि आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा परिणाम होतो. हिरव्याचा फार थोडा आणि तांबड्याचा जवळजवळ नाहीच. त्यामुळे त्या काळच्या फोटोंत आकाश कोरे पांढरे येई आणि लाल वस्त्र काळे. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी प्रसिद्ध छायाचित्रे घेतली, त्यांतील काहींत आकाश एका काचेवरचे आणि समुद्र दुसऱ्या काचेवरचा आहे. दोन्ही एकदम नीट उमटवणे त्या काचांना जमत नव्हते.

ज्यांनी पूर्वीच्या स्टुडिओतील फोटो धुण्याची अंधारखोली पाहिली आहे, त्यांना तिथला लाल दिवा आठवत असेल. कृष्णधवल फोटोच्या कागदाला लाल प्रकाश कळत नाही म्हणूनच तो चालत असे. माणसाला त्या उजेडात दिसे आणि कागदाला मात्र तो काळोखच होता.

चौकड्याची फीत

या आंधळ्या काचेवर जगातील पहिला रंगीत फोटो घेतला गेला, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक मोठी गंमत आहे.

त्याचे मूळ टॉमस यंगच्या एका तर्कात आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १८०१ साली दिलेल्या व्याख्यानात यंगने असा विचार मांडला, की रंगछटा असंख्य आहेत, पण दृष्टिपटलाच्या प्रत्येक ठिपक्यावर प्रत्येक छटेसाठी वेगळा ग्राहक असणे अशक्य आहे. तीन प्रकारचे ग्राहक असले तरी पुरे. त्यांना कमीअधिक प्रमाणात चेतना मिळाली की सगळे रंग दिसतील. हा तर्क पन्नासएक वर्षे मागे पडला होता. मग जर्मनीत हेल्महोल्ट्झ आणि ब्रिटनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी तो उचलून धरला. रंगीत कागदांच्या फिरत्या चकत्या वापरून मॅक्सवेलने रंगांच्या मिश्रणाची मोजमापे केली. विद्युतचुंबकीय समीकरणांचा कर्ता म्हणून आपण त्याला ओळखतो, पण रंगदृष्टीवरचे त्याचे काम त्याच्या आधीचे आहे.

१७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने यंगचा तर्क पडद्यावर दाखवला. टॉमस सटन या छायाचित्रकाराने रंगीत चौकड्यांच्या एका फितीचे वेगवेगळे फोटो घेतले होते. एक तांबड्या द्रावणातून, एक हिरव्या, एक निळ्या. तिन्ही कृष्णधवल पारदर्शिका त्याच त्या रंगांच्या प्रकाशाने पडद्यावर एकावर एक टाकल्या आणि फीत रंगीत दिसू लागली.

सटनने नोंदवलेले वेळ पाहण्यासारखे आहेत. निळ्या द्रावणातून फोटो घ्यायला ६ सेकंद पुरले, हिरव्यातून १२ मिनिटे लागली आणि तांबड्यातून ८ मिनिटे. तांबडे व हिरवे चित्र निळ्याइतके चांगले उमटलेले नाही, हे मॅक्सवेलनेही कबूल केले होते. पण खरा प्रश्न वेगळाच आहे. त्या काचेला तांबडा प्रकाश कळतच नव्हता, तर तांबड्याचे चित्र उमटले कसे?

याचे उत्तर बरोबर शंभर वर्षांनी मिळाले. १९६१ मध्ये कोडॅक कंपनीतील राल्फ इव्हान्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. त्यांना आढळले, की तांबड्या द्रावणातून थोडे अतिनील किरणही पार होतात आणि कापडावरचे लाल रंग अनेकदा अतिनील किरण परावर्तित करतात. सटनच्या काचेने लाल रंग पाहिलाच नव्हता. तिने पाहिले ते अतिनील किरण, आणि योगायोगाने ते जिथे लाल रंग होता तिथूनच येत होते. हिरव्याचे चित्रही द्रावणातून निसटलेल्या निळसर-हिरव्या प्रकाशाचे होते.

म्हणजे प्रयोग यशस्वी झाला तो चुकीच्या कारणाने, पण त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर होता. पडद्यावरील प्रकाश आणि फितीवरून येणारा प्रकाश एकच असण्याची गरज नाही. डोळ्यातील तीन ग्राहकांना जवळपास त्याच प्रमाणात चेतना मिळाली की डोळ्याला तोच रंग दिसतो. फळ्यावर लिहून ठेवावे असे हे वाक्य आहे, कारण आजचा प्रत्येक टीव्ही आणि मोबाइल याच आधारावर चालतो. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवून पाहा. थेंब भिंगाचे काम करतो आणि तांबडे, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे दिसतात. पडद्यावर पिवळा चेंडू दिसतो, तेव्हा तेथून पिवळ्या तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ येतच नसतो. पडदा आपल्या डोळ्याच्या मापाने बेतलेला आहे. मधमाशीला तांबडा दिसत नाही आणि अतिनील दिसतो. आपण काढलेला फुलाचा हुबेहूब फोटो तिला हुबेहूब वाटणार नाही.

कोण कोणासारखे?

येथून उपमा उलटी फिरू लागते. आपण म्हणतो डोळा कॅमेऱ्यासारखा, पण रंगाच्या बाबतीत कॅमेराच डोळ्यासारखा बनवत न्यावा लागला.

१८७३ मध्ये बर्लिनमध्ये हेर्मान फोगेलने शोधून काढले, की विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर चांदीच्या क्षारांना हिरवा प्रकाशही कळू लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तांबडा कळणाऱ्या काचा बाजारात आल्या. १९०७ मध्ये फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी ‘ऑटोक्रोम’ ही रंगीत काच विक्रीस आणली. तिच्यावर बटाट्याच्या पिष्टाचे नारिंगी-तांबडे, हिरवे आणि जांभळे रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. प्रत्येक कण म्हणजे एक इवलासा रंगीत गाळणा. आजच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातही तीच कल्पना आहे. कोडॅकमधील ब्राइस बायरने तिचे जे रूप आखले त्याचे पेटंट १९७६ चे आहे. संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाचा गाळणा असतो. निम्मे हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. प्रत्येक बिंदूला एकच रंग मोजता येतो, उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. हिरवे निम्मे का? कारण आपल्या डोळ्याला उजेडातील बारीक फरक हिरव्याच्या आसपास सर्वांत चांगले कळतात.

आणि डोळ्यात खरोखर तीन ग्राहक असतात याचा थेट पुरावा केव्हा मिळाला? १९६४ मध्ये. त्या वर्षी अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी दृष्टिपटलातील एकेका शंकू पेशीतून प्रकाश पाठवून ती कोणता प्रकाश शोषते हे मोजले. तीन प्रकार निघाले. त्यांची सर्वाधिक संवेदनशीलता आज सुमारे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरपाशी मानली जाते. तोपर्यंत रंगीत फोटो, रंगीत सिनेमा आणि रंगीत टीव्ही जगात येऊन बसले होते. यंगच्या तर्कावर माणसाने यंत्रे आधी उभारली आणि तर्काचा पुरावा मागाहून सापडला.

कॅमेऱ्याची स्वतःची नजर आजही वेगळी आहे हे वर्गात दाखवता येते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच मोबाइलमध्ये, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, रिमोटच्या टोकाला जांभळट प्रकाश लुकलुकताना दिसतो. ते अवरक्त किरण आहेत, डोळ्याला न दिसणारे. संवेदकाला ते कळतात, म्हणून ते अडवणारी काच कॅमेऱ्यात मुद्दाम बसवलेली असते आणि तिच्यातून थोडे निसटतात. १८६१ मध्ये सटनच्या काचेला अतिनील ‘दिसले’, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

मोजणे आणि तोलणे

आता दारासमोर काळ्या आलेल्या चेहऱ्याचा प्रश्न. एक हिशेब करू. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स एवढा प्रकाश असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात फार तर पाव लक्स. दोहोंत चार लाख पटींचा फरक. तरी आपण उन्हातही चालतो आणि चांदण्यातही वाट काढतो. याचे श्रेय आपण बाहुलीला देतो. पण बाहुलीचा व्यास साधारण २ मिलिमीटरपासून फार तर ८ मिलिमीटरपर्यंत वाढतो. व्यास चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळा पट. चार लाखांपैकी सोळा पटींचा हिशेब बाहुलीने दिला, उरलेला पंचवीस हजार पटींचा कोण देणार?

तो दृष्टिपटल देते. १८६६ मध्ये माक्स शुल्त्सेने दृष्टिपटलातील दोन प्रकारच्या पेशींची कामे वेगळी असल्याचे दाखवले. शंकू पेशी उजेडात आणि रंगांसाठी, दंड पेशी अंधुक प्रकाशात. सिनेमागृहात उशिरा शिरल्यावर खुर्ची सापडत नाही आणि थोड्या वेळाने आजूबाजूची माणसे दिसू लागतात, तेव्हा हा बदल होत असतो. पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो. मग मात्र डोळा थक्क करण्याइतका तयार होतो. १९४२ मध्ये हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी दाखवले, की अंधाराला सरावलेल्या डोळ्यातील पाच ते चौदा दंड पेशींनी प्रकाशाचा एकेक कण टिपला तरी माणसाला उजेड जाणवतो.

या दोन पेशींची अदलाबदल अंगणात पाहता येते. दिवस मावळताना जास्वंदीच्या झाडाकडे पाहत राहा. उजेडात फूल पानांपेक्षा उठून दिसते, पण अंधार पडू लागला की आधी फूल काळवंडते आणि पाने त्या मानाने उजळ राहतात. दंड पेशींना तांबडा प्रकाश फारसा कळत नाही, म्हणून असे होते. यान पुर्किन्ये या बोहेमियातील शरीरशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध केली. त्याच वेळी मोबाइलने फोटो काढा. फोटोत फूल लालच येईल, कारण संवेदकाला दंड पेशी नाहीत. तो रात्रीही दिवसाच्याच तीन रंगांनी पाहतो.

आणखी एक हिशेब. भर उन्हात काळा फळा ठेवला. समजा तो आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा ५ टक्के भाग परत पाठवतो, म्हणजे लाखातील पाच हजार. खोलीत ट्यूबलाइटखाली २०० लक्समध्ये पांढरा कागद ठेवला. तो ८० टक्के परत पाठवतो, म्हणजे १६०. उन्हातील काळ्या फळ्याकडून खोलीतील पांढऱ्या कागदापेक्षा तीस पट अधिक प्रकाश डोळ्यात येतो. तरी फळा काळा दिसतो आणि कागद पांढरा. नुसता प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला हे जमणार नाही.

डोळा मोजत नाही, तोलतो. १९५३ मध्ये स्टीफन कफलरने मांजराच्या दृष्टिपटलातून मेंदूकडे संदेश पाठवणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. काही पेशींच्या मधोमध प्रकाशाचा ठिपका पाडला की त्या जोमाने संदेश पाठवत, सभोवतालच्या कड्यावर प्रकाश पाडला की थंडावत. सगळीकडे सारखा उजेड असेल तर त्यांना सांगण्यासारखे फारसे काही उरत नसे. मधला भाग आजूबाजूपेक्षा किती उजळ, एवढेच त्या कळवतात. आपल्या दृष्टिपटलातही अशाच पेशी आहेत. त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास, आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू फक्त दहा-बारा लाख. सगळे चित्र जसेच्या तसे पाठवायला वाटच नाही. फरक तेवढे पाठवले जातात.

फिल्मला हे येत नव्हते. शंभरचा रोल घातला की पूर्ण रोल शंभरचाच, मग दारातले ऊन असो की दारासमोरचा चेहरा. उन्हाला जमवून घेतले की चेहरा काळा. अलीकडचे मोबाइल हा दोष कमी करतात. ते कमीअधिक प्रकाशाचे तीन-चार फोटो पटापट घेऊन त्यांतील योग्य ते भाग जोडतात. कॅमेरा पुन्हा डोळ्याकडूनच शिकतो आहे.

पांढरे कोणते?

राहिला पिवळ्या फोटोंचा प्रश्न. तो फोटोच्या जन्माआधीचा आहे. १७८९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत गास्पार मोंज या गणितज्ञाने श्रोत्यांना लाल काचेतून समोरच्या घरावर लावलेला लाल कागद पाहायला सांगितला. लाल काचेतून लाल कागद अधिकच लाल दिसावा अशी अपेक्षा. दिसला मात्र पांढुरका. मोंजचे म्हणणे, रंग ठरवताना आपण एका वस्तूकडून येणारा प्रकाश सुटा पाहत नाही. सगळ्या दृश्यावर कोणता प्रकाश पडला आहे हे धरून पाहतो. लाल जिलेटिन कागद डोळ्यांवर धरून मुलांनाही हे करून पाहता येईल. लाल शाईने पांढऱ्या कागदावर लिहिलेले दिसेनासे होते, ते मोंजच्या प्रयोगाचेच भावंड.

बल्बच्या उजेडात निळा भाग कमी असतो. डोळा ते गृहीत धरून कागदाला पांढराच म्हणतो. फिल्मला गृहीत धरता येत नव्हते. तिचे पांढरे कारखान्यात ठरलेले होते, दिवसाच्या उजेडाचे. म्हणून बल्बखालचे घर पिवळे आणि ट्यूबलाइटखालचे हिरवट आले. विचारणाऱ्या मुलीला सांगता येईल : माणसांना घर पिवळे दिसत नव्हते, तरी फोटोही खोटा नाही. कागदावरून येणारा प्रकाश पिवळटच होता. डोळ्याने तो हिशेबात घेतला, फिल्मने घेतला नाही.

पण कारखान्यात ठरवते कोण? १९५० च्या दशकापासून रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना कोडॅककडून एक नमुना फोटो मिळत असे. त्यात गोऱ्या वर्णाची एक स्त्री असे. छायाचित्रकारांच्या बोलीत त्याला ‘शर्ली’ म्हणत. तिची त्वचा नीट उमटली की यंत्र बरोबर लागले असे समजायचे. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात हरवत. गोरी आणि काळी मुले एकत्र बसवून काढलेल्या वर्गाच्या फोटोंत हे विशेष जाणवे. लाकडी सामान आणि चॉकलेट यांच्या जाहिरातदारांनीही तपकिरी छटा नीट येत नाहीत म्हणून तक्रारी केल्या होत्या. पुढे फिल्म सुधारल्या आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचे नमुना फोटो आले. फोटोत आपला चेहरा ‘काळा आला’ म्हणून हिरमुसलेल्या मुलाला हे सांगायला हवे. कॅमेरा तटस्थ साक्षीदार नसतो. कोणता रंग प्रमाण मानायचा हे कुणीतरी आधी ठरवलेले असते.

या विषयातील सर्वांत गाजलेले प्रयोग झटपट फोटोच्या कॅमेऱ्याचा जनक एडविन लँड याचे. १९५९ मध्ये त्याने एका दृश्याच्या दोनच कृष्णधवल पारदर्शिका घेतल्या, एक तांबड्या गाळण्यातून आणि एक हिरव्या. पहिली तांबड्या प्रकाशाने आणि दुसरी साध्या पांढऱ्या प्रकाशाने पडद्यावर एकत्र टाकली. हिशेबाने पडद्यावर तांबडे, गुलाबी आणि राखी दिसायला हवे. पाहणाऱ्यांना हिरव्या, तपकिरी आणि काहीशा निळ्या छटाही दिसल्या. पुढे लँडने रंगीत कागदांचे तुकडे मांडून दाखवले, की हिरव्या तुकड्याकडून येणारा प्रकाश मुद्दाम पांढऱ्याएवढा केला तरी तो आजूबाजूच्या तुकड्यांत हिरवाच दिसतो. लँडचे स्पष्टीकरण पुढच्या संशोधकांनी जसेच्या तसे मान्य केले नाही, पण त्याने मोंजचा प्रश्न मोजता येईल अशा रूपात पुन्हा उभा केला, हे निर्विवाद.

डोळ्याचा हा अंदाज चुकतोही. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका झग्याचा फोटो जगभर फिरला. काहींना तो निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी. झगा निळा-काळाच होता. फोटोत उजेड कसला आहे हे स्पष्ट नव्हते, म्हणून प्रत्येकाने नकळत आपापला अंदाज धरला. फोटो एकच, डोळ्यांत शिरणारा प्रकाश तोच, रंग मात्र दोन.

मग वाक्य खोडायचे का?

खोडण्याचे कारण नाही. भिंगापासून दृष्टिपटलापर्यंत केप्लरची उपमा आजही बरोबर आहे. चश्म्याचा नंबर याच उपमेवर काढला जातो. पण ती दृष्टिपटलापाशी संपते, आणि पाहणे तिथे सुरू होते.

मला वाटते, ते वाक्य फळ्यावर प्रश्न म्हणून लिहावे : डोळा कुठपर्यंत कॅमेऱ्यासारखा? खाली दोन रकाने आखावेत आणि ते मुलांनीच भरावेत. जास्वंदीचे फूल, रिमोट, लाल जिलेटिन कागद आणि मोबाइलवरचा पाण्याचा थेंब एवढे साहित्य पुरते. पिवळ्या फोटोंबद्दल विचारणाऱ्या मुलीला तिच्या घरातला एखादा तसा फोटो आणायला सांगावे. दुसरा रकाना तिच्यापासूनच सुरू करता येईल.